विषय: ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ वाचून काय वाटलं?

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

वाचनगटाच्या या वेळच्या पुस्तकावर बोलायला सुरुवात करते. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’, 2018 सालची रहस्यकादंबरी. लेखिका इथल्या अमेरिकेतल्याच, आपल्या जवळच्या बाल्टिमोरच्या. बऱ्याच जणांचं पुस्तक अजून वाचून व्हायचंय, तेव्हा खुनी कोण ते कृपा करून कुणी लिहू नका. बाकी मोकळेपणाने लिहा.

मला पुस्तक फार आवडलं. 1921 सालची मुंबई. परवीन मिस्त्री ही ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पारशी मुलगी, फोर्टमध्ये वडिलांच्या ऑफिसात काम करते. ओमर फरीद नावाचा गिरणीमालक वारतो. मागे तीन बायका: रझिया, सकिना, मुमताज. तिघीही पडद्यात राहणाऱ्या. आपल्या वाट्याला येणारं सगळं वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकत असल्याचं पत्र त्यांच्या नावाने ऑफिसात येतं. परवीन ते हातात घेते आणि तिथेच अडते, कारण एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारली आहे. जिला लिहिता येत नाही, तिला हे पत्र कुणी वाचून दाखवलं? काय सांगून तिच्याकडून फुली मारून घेतली? आणि सगळं देऊन टाकल्यावर या बायका आणि त्यांची मुलं खाणार काय?

आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांवर ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलेलं असायचं, ते किती घरांत पाहिलंय आपण. त्या अंगठ्यामागे बसलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. या पुस्तकाची सुरुवात त्या प्रश्नाने होते, म्हणून ते मला इतर थ्रिलर्सपेक्षा वरचं वाटतं.

परवीन बंदूक चालवत नाही, छतावरून उड्या मारत नाही. बंगल्याचा कारभार पाहणारा मुक्री हा पुरुष. पुढे खून पडतो, तेव्हा येणारे पोलीसही पुरुष. जनान्यात, म्हणजे घरातल्या बायकांच्या भागात, जाऊन त्या तिघींसमोर बसून बोलता येतं ते एकट्या परवीनला. तिथे तपास करणारी बाईच हवी, दुसरं कुणी चालणारच नाही. बाई घ्यायची म्हणून घेतलेली नाही, गोष्टच तिच्यावाचून उभी राहत नाही.

तुम्हाला काय वाटलं?

मेधा

---

प्रेषक: अभय

मेधाताई,

पुस्तक चांगलं आहे, पण थ्रिलर म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण देणार नाही.

पहिली तक्रार 1916-17 च्या प्रकरणांची. मलबार हिलवर आता काहीतरी घडणार अशा बेताला आपण येतो आणि लेखिका आपल्याला उचलून परवीनच्या जुन्या दिवसांत नेऊन ठेवते. कॉलेजातले दिवस, सायरसशी ओळख, लग्न, कोलकात्याचं सासर. प्रत्येक प्रकरण सुटं वाचलं तर उत्तम आहे, पण तपासाचा धागा दर वेळी हातातून सुटतो. रहस्यकथेत एकदा मनात संशय पेरला की तो तापत ठेवायला हवा. माझा तो दोनतीनदा पार निवला.

दुसरी तक्रार मुंबईची. फरीद गिरणीमालक आहे. 1921 मध्ये गिरणगाव कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी भरलेलं होतं. ज्या पैशावरून हे सगळं रामायण घडतं, तो पैसा त्या माणसांच्या घामाचा. पण ती माणसं पुस्तकात जवळजवळ दिसतच नाहीत. पारशी घर, मुसलमान बंगला, इंग्रज साहेबाची मुलगी, हे सगळं बारकाईने रंगवलंय. मराठी माणसाला मात्र ही मुंबई थोडी परकी वाटते.

ॲलिस मला आवडली. ऑक्सफर्डची मैत्रीण, गणितात हुशार, आणि बापाच्या हुद्द्यामुळे जिथे परवीनला अडवतील तिथेही सहज शिरणारी. दोघी मिळून तपास करतात तेव्हा पुस्तक पळतं.

अभय

---

प्रेषक: सुनंदा

अभय, तू ज्या प्रकरणांत थांबलास, मी त्याच प्रकरणांमुळे पुस्तक खाली ठेवू शकले नाही.

परवीनला सासरी महिन्याच्या त्या दिवसांत एका लहानशा खोलीत एकटीला ठेवतात, ते वाचताना मला माझ्या आजोळचं माजघर दिसलं. आमच्याकडे खोली नव्हती, एक कोपरा होता. कांबळं वेगळं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. ‘कावळा शिवला’ म्हणून आम्हा मुलांना लांब ठेवायचे. माझी मोठी मामी मॅट्रिक झालेली होती. त्या कोपऱ्यात ती वर्तमानपत्राचे जुने तुकडे जुळवून वाचत बसायची, आणि तेही कुणी पाहिलं तर बोलणी खायची. परवीन तर वकिलीच्या वर्गात बसून आलेली मुलगी! ती त्या खोलीत काय विचार करत असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आणि म्हणूनच ती मलबार हिलच्या बंगल्यात पाऊल टाकते तेव्हा कोंडलेल्या बाईला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे तिला कळतं. कोलकात्याची ती पानं काढून टाकली तर परवीन एक हुशार वकीण उरेल, इतकंच. तो भाग मला फार मोलाचा वाटतो.

सुनंदामावशी

---

प्रेषक: नीलिमा

नमस्कार,

इकडे यायच्या आधी मुंबईत दिवाणी दावे चालवले आहेत, त्यामुळे मी हे पुस्तक कागदाच्या बाजूने वाचलं. लेखिकेने कायदा नुसता शोभेला ठेवलेला नाही, रहस्याची किल्ली तिथेच आहे.

नवऱ्याला मुलंबाळं असली तर मुसलमान कायद्याने विधवेचा वाटा एक अष्टमांश. बायका तीन असल्या तर तो एक अष्टमांश तिघींत वाटायचा, म्हणजे प्रत्येकीला एक चोविसांश. पण मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, वेगळी. ती नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज समजली जाते आणि वाटणीच्या आधी चुकती करावी लागते. पडद्यातल्या बाईच्या हातात स्वतःचं म्हणावं असं काही असलं तर ते हेच. तेही वक्फला गेलं की बाई पुरती दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. परवीनला फुली पाहून संशय येतो तो यामुळे. या तिघींत एकजूट नाही, प्रत्येकीला वेगळी भीती आहे, हेही लेखिकेने छान धरलंय.

परवीनची स्वतःची गोष्टही कायद्यातच अडकलेली आहे. तेव्हा पारशांना 1865 चा विवाह कायदा लागू होता, तो बदलला 1936 मध्ये. नवऱ्याने इतकं करूनही परवीनला घटस्फोट मिळत नाही, फक्त वेगळं राहण्याची मुभा मिळते. ती ना सासरची, ना पुन्हा लग्नाला मोकळी. आपल्या रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नवरा दादाजी भिकाजी याने 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोने नांदायला यावं. 1887 मध्ये हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्याच शहरात परवीनचं ऑफिस आहे. म्हणून तिला वाटणारी सायरसची धास्ती मला अजिबात ओढूनताणून आणलेली वाटली नाही.

अभय, तुला या पुस्तकात मराठी मुलूख दिसत नाही म्हणालास. परवीनचं पात्र मिठन टाटा-लाम आणि कॉर्नेलिया सोराबजी या आपल्याकडच्या सुरुवातीच्या दोन महिला वकिलांवरून सुचलं आहे. यातल्या कॉर्नेलियाबाई 1866 साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. परीक्षेत पहिल्या आल्या, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, तेव्हा 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला जाऊ शकल्या. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली 1922 मध्ये. तीस वर्षांनी! दरम्यान बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडून, म्हणजे वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडून, त्यांनी पडद्यातल्या शेकडो बायकांची इस्टेटीची कामं पाहिली. पालखीत बसून, वाड्यावाड्यांतून. परवीन जे कादंबरीत करते, ते या बाईंनी खरोखर केलं. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या विरोधात लिहीत होत्या. त्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मतं नाही पटली तरी काम पुसून टाकू नये.

आणखी एक. परवीन कोर्टात उभी का राहत नाही असं काहींना वाटेल. बायकांना वकिली करायला देशभर मोकळीक देणारा कायदा झाला 1923 मध्ये. म्हणून 1921 मधली परवीन मृत्युपत्रं, करारनामे असं टेबलावरचं काम करते, आणि टेबलावरच्या त्या कामातूनच तिला गुन्हा दिसतो.

नीलिमा

---

प्रेषक: अभय

नीलिमाताई, एक चोविसांशाचा हिशोब वाचून ते पत्राचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. आता ते जास्त अंगावर आलं. कॉर्नेलियाबाईंचं नाशिक मला माहीत नव्हतं, आणि मी नाशिकचा!

तरीही खुनाला यायला उशीर झालाय हे माझं मत कायम आहे. आणि गिरणी कामगारांचंही.

मावशी, मामींबद्दल जमेल तेव्हा अजून लिहा. मला वाचायचंय.

---

प्रेषक: तन्वी

मी ऑडिओवर ऐकलं, ऑफिसला जाता-येता. आई म्हणते मराठीत लिही, म्हणून लिहितेय.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे परवीनचे बाबा. जमशेदजी तिला रागावतात, काळजी करतात, पण काम काढून घेत नाहीत. कोलकात्याचं सगळं झाल्यावरही मुलीला घरात बसवून ठेवत नाहीत, तिला ऑक्सफर्डला पाठवतात आणि आल्यावर फर्ममध्ये टेबल देतात. 1921 मध्ये असा बाप असणं किती मोठी गोष्ट आहे!

याच्या पुढचा भाग ‘द सातापूर मूनस्टोन’ आहे. त्यात परवीन सह्याद्रीतल्या एका संस्थानात जाते. संस्थान काल्पनिक आहे, पण घाट आपले आहेत. राजवाड्यात दोन महाराण्या, सासू आणि सून, दोघी पडद्यात, आणि गादीवर लहान मुलगा. पुढच्या वेळी तो घेऊया का?

---

प्रेषक: मेधा

तन्वी, सुरेख लिहिलंस. ‘सातापूर’ नक्की घेऊ. अभयला त्यात डोंगरातली मुंबईबाहेरची माणसं भेटतात का, तेही बघू.

जमतोय रविवारी चार वाजता, लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये. नीलिमा, वारसाहक्काचं जरा फळ्यावर मांडून दाखवशील का? वक्फ, मुतवल्ली (वक्फचा कारभार पाहणारा), मेहर हे शब्द बऱ्याच जणांना नवे आहेत. सुनंदामावशींना आणायला अभय जाईल. ज्यांचं पुस्तक अर्धं राहिलंय त्यांनीही या. शेवटाबद्दल पाचनंतर बोलू, तेव्हा त्यांनी चहाला बाहेर जावं.