राज्यपालांचा 'चीफ ऑफ स्टाफ' व्हायचं तर कोणती परीक्षा?

वाळकेश्वरकर:
अमेरिकेत गव्हर्नरच्या हाताखाली 'चीफ ऑफ स्टाफ' असतो. आपल्या राजभवनात (आता नाव 'लोकभवन') ते काम कोण करतं? त्यासाठी जाहिरात निघते का? आणि रोजचं काम नेमकं काय: पाहुणे, समारंभ की फाइली? धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षा देतोय, त्याच्यासाठी विचारतोय.

जावक_क्रमांक:
नावावर जाऊ नका. तिकडचा गव्हर्नर निवडून येतो आणि सरकार तोच चालवतो. त्याचा चीफ ऑफ स्टाफ म्हणजे राजकीय विश्वासातला माणूस. इथे तसलं काम शोधायचं तर मलबार हिलच्या राजभवनात नव्हे, मंत्रालयात मुख्यमंत्री कार्यालयात शोधा.

राजभवनात असतात राज्यपालांचे सचिव, महाराष्ट्र संवर्गातले आयएएस अधिकारी. वेगळी परीक्षा नाही, जाहिरात नाही. इतर बदल्यांसारखाच सामान्य प्रशासन विभागाचा आदेश निघतो. राज्यपालांची पसंती विचारात घ्यायचा प्रघात आहे, एवढंच. आयएएसमध्ये १६ वर्षं झाली की सचिव दर्जाची वेतनश्रेणी, २५ नंतर प्रधान सचिव. म्हणजे २७व्या वर्षी निवड झाली तरी चाळिशी उलटणारच. आणि ही आयुष्यभराची खुर्ची नाही. काही काळ तिथे, मग पुन्हा एखादा विभाग. भाऊ एमपीएससीतून उपजिल्हाधिकारी झाला तरी पदोन्नतीने आयएएसमध्ये जाता येतं, पण तेव्हा सेवेची वर्षं हाताशी कमी उरतात.

कलम_२१३:
पाहुण्यांचं बघायला वेगळी माणसं आहेत. एडीसी, म्हणजे राज्यपालांसोबत राहणारे परिसहायक, दोन: एक सैन्यदलातला, एक पोलिसातला. सचिवांचा जीव फाइलीत.

अध्यादेशच घ्या, म्हणजे अधिवेशन नसताना राज्यपालांच्या सहीने निघणारा तात्पुरता कायदा. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, विधी व न्याय विभागाने मसुदा तपासला, की फाइल संध्याकाळी येते आणि पाठोपाठ 'आजच सही हवी' असा फोन. सचिवाने आधी पाहायचं ते अधिवेशन. विधानसभा आणि परिषद दोन्ही चालू असतील तर अध्यादेश निघूच शकत नाही. मग तातडीचं कारण. ते खरंच लिहिलंय, की 'परिस्थिती विचारात घेता' असं गुळमुळीत वाक्य टाकून मोकळे झालेत?

सगळ्यात फसवी गोष्ट समवर्ती सूचीची, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीची. विषय तिथला असेल आणि केंद्राच्या कायद्याला छेद जात असेल, तर राष्ट्रपतींच्या सूचनेशिवाय सही करता येत नाही, फाइल दिल्लीला. छेद देणारं वाक्य बहुधा मुख्य कलमात नसतंच, व्याख्येत नाहीतर शिक्षेच्या तरतुदीत दडलेलं असतं. घाईत व्याख्यांचं पान उलटलं की फसलात. सही झाल्यावरही तारीख डोक्यात हवी. सभागृहं पुन्हा भरल्यापासून ६ आठवड्यांत विधेयक मंजूर झालं नाही तर अध्यादेश व्यपगत, म्हणजे आपोआप संपला. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरची तारीख धरायची. इथे मोजणी चुकते.

विधेयकांचं दुखणं वेगळं. मंजूर विधेयकाला राज्यपालांनी संमती द्यायची ती राज्यघटनेच्या कलम २०० खाली, आणि त्यात दिवसांची मुदत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात मुदती घालून दिल्या. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर घटनापीठाने मत दिलं की न्यायालयाला अशा मुदती घालता येत नाहीत, पण कारण न देता विधेयक अनिश्चित काळ अडवलं तर न्यायालय दखल घेऊ शकतं. म्हणून आवक शिक्का, कोणत्या विभागाकडे काय विचारलं, उत्तर कधी आलं, सगळं फाइलीवरच्या टिप्पणीत तारखेसकट हवं.

फोर्टचा_वाचक:
विद्यापीठं राहिली. माझ्या मते सचिवाचं खरं कसब तिथेच दिसतं. मंत्रालयाच्या फाइलीवर राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. पण राज्यपाल राज्याच्या विद्यापीठांचे कुलपतीही असतात, आणि कुलपती म्हणून मात्र अधिकार विद्यापीठ कायद्याचा असतो आणि निर्णय स्वतःचा लागतो. कुलगुरूंसाठी शोध समिती नावं सुचवते, त्यातून कुलपती निवडतात. इथे टिप्पणीत 'शासनाच्या शिफारशीनुसार' एवढे दोन शब्द आले तरी आदेश कोर्टात लटकू शकतो. केरळमधल्या कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर रद्द केली: कुलपतींनी स्वतः ठरवलं नाही, सरकारच्या सांगण्यावरून केलं. शिफारस आली असेल तर तिची नोंद जरूर घ्या, पण निवडीची कारणं वेगळ्या परिच्छेदात, कुलपतींची म्हणून लिहा.

राज्यघटनेची पाचवी अनुसूचीही आहे, आदिवासीबहुल 'अनुसूचित क्षेत्रां'साठीची. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, आणि तिथे एखादा कायदा लागू करायचा नाही किंवा बदलून लागू करायचा, हे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. या क्षेत्राच्या प्रशासनाचा अहवाल राष्ट्रपतींना जातो. याकडे कुणाचं लक्ष नसतं, खरं तर असायला हवं.

वाळकेश्वरकर:
आभारी आहे. आयएएस नाही झाला तर राजभवनाचा रस्ता बंदच का?

जावक_क्रमांक:
नाही. सचिवांच्या खाली उपसचिव, अवर सचिव असतात आणि पहिली टिप्पणी खालूनच चढत येते. एमपीएससीच्या गट-ब परीक्षेतून मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी शिडी आहे. विधी व न्याय किंवा सामान्य प्रशासन विभागात हात बसलेला असेल तर राजभवनात उपयोग होतो. मराठी मसुदा नीट लिहिता येणं हवंच. इंग्रजी टिप्पणीचं शब्दशः मराठी केलं की अर्थ पालटतो.

आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, मुक्काम एकट्या मुंबईत नसतो. पुणे, नागपूर, महाबळेश्वर इथेही राजभवनं आहेत. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला निघायचं तेव्हा सहीच्या फाइलींची पेटी आधी, आपली बॅग नंतर.