अण्णांच्या जुन्या फोनवर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’

सांगलीकर: अण्णांचा फोन अँड्रॉइड ६ चा. व्हॉट्सअॅप सोडून त्यांना फक्त बाजारभाव आणि पंचांग बघायचं असतं. काही साइट्स झटकन उघडतात, काहींवर लाल त्रिकोण आणि वरची ओळ. कॅशे साफ केलं, तारीख-वेळ बरोबर आहे, वायफाय बदललं. नवा फोन घ्या म्हटलं तर ते माझ्याकडेच रागाने बघतात.

तारवाला: त्रिकोणाखाली बारीक अक्षरात ‘डेट इनव्हॅलिड’ आहे की ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’? पहिलं असेल तर घड्याळाचा घोळ.

सांगलीकर: ऑथॉरिटी.

तारवाला: मग फोनचं वय आडवं येतंय. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवायला प्रमाणपत्र लागतं; लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं असंख्य साइट्स वापरतात. ती तपासायला लागणारं त्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच फोनमध्ये आहे. जुन्या फोनसाठी केलेली तडजोड (दुसऱ्या जुन्या संस्थेच्या सहीचा आधार) २०२४ मध्ये संपली. म्हणून काही साइट्स चालतात, काही नाही. कॅशे कितीही पुसा, उपयोग शून्य. फायरफॉक्स ब्राउझरची अँड्रॉइड ६ वर चालणारी जुनी आवृत्ती टाका, तो मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबरच आणतो.

गृहिणी_नाशिक: ‘प्रगत’ दाबून पुढे जाता येतं की!

तारवाला: पंचांगापुरतं ठीक आहे हो ताई. पासवर्ड टाकायचा असेल तर अजिबात नको. आणि बँकेचं काम या फोनवर फायरफॉक्समधूनही करू नका, सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेत.

सांगलीकर: फायरफॉक्सवर सगळं उघडलं. अण्णा विचारतायत, अक्षरं मोठी कशी करायची?

तारवाला: फायरफॉक्सच्या सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी. आपोआप आकार बंद करा, खाली पट्टी सरकवा.