पाऊस, ऊन, बर्फ, चिखल : टायरचे तुमचे अनुभव सांगा

गेल्या जुलैत माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला येत होतो. मुळशीकडच्या सपाट पट्ट्यात रस्त्यावर पाणी साचलं होतं. वेग फार तर सत्तर. पाण्यात शिरलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू चाकांशी त्याचा संबंधच तुटला. ब्रेक न दाबता फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. दोनेक सेकंदांत टायर पुन्हा डांबराला टेकले, पण मागे मुलं झोपलेली होती आणि ते दोन सेकंद अजून अंगावर येतात. घरी येऊन खाली वाकून पाहिलं, तर पुढच्या टायरची नक्षी खाचांतल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झिजलेली. तो उंचवटा म्हणजे १.६ मिमीची कायदेशीर मर्यादा. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही, गाडी पाण्यावर तरंगते. मी आता ३ मिमीलाच टायर बदलतो.

तुमच्याकडच्या रस्त्यांवर काय घडलं ते सविस्तर लिहा.

---

मी नागपूरचा. मे महिन्यात समृद्धीवरून शिर्डीला निघालो होतो. आदल्या दिवशी हवा भरणाऱ्याने सांगितलं, "उन्हाळा आहे साहेब, चार पॉइंट कमीच ठेवा, फुटणार नाही." पटलं, ठेवली. कारंज्याच्या आसपास जळक्या रबराचा वास यायला लागला. इंटरचेंजला बाहेर पडून थांबलो. मागच्या डाव्या टायरच्या बाजूच्या भिंतीजवळ तळहात नेला, तर चुलीजवळ नेल्यासारखी धग. बाकी तीन त्यामानाने बरे होते. त्या एकात बारीक खिळा होता, म्हणजे आधीच कमी ठेवलेली हवा आणखी उतरली होती.

हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो चूक आहे. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. १२० च्या वेगाने तासभर न थांबता चालवली तर थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा आकडा असतो, तेवढीच हवा, तीही सकाळी टायर थंड असताना. आणि टायरवरचे चार आकडे वाचा. माझ्यावर २३१७ होते, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली होती म्हणून मी निर्धास्त होतो, पण रबर म्हातारं झालेलं होतं.

---

नायट्रोजन भरला असता तर?

---

नागपूरकरच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खिळा लागल्यावर तोही निघून जातो.

---

म्युनिकहून. इथे बहुतेक जण टायरचे दोन संच ठेवतात. शेजारच्या आजींनी पहिल्याच वर्षी शिकवलं : ऑक्टोबर ते ईस्टर, हिवाळी टायर. मी आळस केला. नोव्हेंबरात सकाळी पातळ बर्फ पडला होता, सिग्नलच्या बऱ्याच आधी ब्रेक लावला, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरत राहिलं आणि गाडी शांतपणे पुढे सरकत सिग्नल ओलांडून गेली. समोरून कुणी आलं नाही, एवढंच. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, म्हणून बर्फ नसतानाही फरक पडतो. बर्फाळ रस्त्यावर असे टायर असतील तर दंड होतो. ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर हिवाळी म्हणून चालतात. भारतातून नव्याने येणाऱ्यांनो, जुनी गाडी घेताना ते चिन्ह आधी शोधा.

---

आमचं घर कुडाळजवळ, रस्त्यापासून वर, जांभ्याच्या चढावर. नवीन टायर घालून श्रावणात माहेरी गेले. अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खाचांत लाल चिखल असा बसला की नक्षी दिसेचना. मी रेस वाढवत राहिले, चाकं आणखी रुतली. मामा छत्री घेऊन आले, "गो, रेस मारू नको. खाली घे, गाडी फिरय आनी उलटी चढय." चाकांखाली नारळाच्या झावळ्या टाकल्या. पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी चढावर तोंड वर करून चढली की भार मागे जातो आणि पुढची चाकं हलकी पडतात. उलटी घेतली की तीच चाकं खालच्या बाजूला येतात, त्यांच्यावर भार येतो. रिव्हर्समध्ये, झावळ्या चुरडत, एका दमात अंगणात पोचले. चाकं रुतली होती तिथे लाल पाण्याने भरलेले दोन चर गणपतीपर्यंत तसेच होते.