मनीमेकरचे नाव सर्वांना ठाऊक आहे; पोकर वाढवणारे बाकीचे कोण?

किलवरचा_गुलाम (धागाकर्ता)

पोकरचा विषय निघाला की ख्रिस मनीमेकरची गोष्ट हमखास निघते. टेनेसीतील हा हिशेबनीस 2003 साली ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला, 839 खेळाडूंत पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्यानंतर तीनच वर्षांत त्या स्पर्धेतील खेळाडूंची संख्या 8,773 वर गेली आणि या भरतीचे सारे श्रेय त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा झाले. एका माणसाच्या विजयाने एवढे घडले असेल, हे मला काही पटत नाही. जे स्वतः फारसे झोतात आले नाहीत, पण ज्यांच्यावाचून आजचा पोकर उभाच राहिला नसता, असे लोक कोणते? कोणी किती डॉलर जिंकले याच्या याद्या नकोत. कोणी नेमके काय केले आणि त्याने खेळ कसा बदलला, हे जाणकारांनी सांगावे.

अनुजा_म

माझ्या मते पहिले नाव हेन्री ओरेनस्टाइन यांचे घ्यायला हवे. 1923 साली पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस नाझींच्या छळछावण्यांतून वाचला, अमेरिकेत येऊन खेळण्यांचा व्यवसाय करू लागला आणि जपानी कंपनीची रूप बदलणारी खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने हॅस्ब्रोने बाजारात आणावीत यासाठी त्यानेच मध्यस्थी केली. पोकरशी त्याचा संबंध आला तो एका साध्या अडचणीतून. खेळाडूंची झाकलेली पाने दिसत नसल्यामुळे दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहणे म्हणजे निव्वळ कंटाळा होता. ती पाने टेबलातील कॅमेऱ्याने प्रेक्षकांपुरती उघडी करण्याच्या कल्पनेचे पेटंट ओरेनस्टाइन यांना 1995 साली मिळाले.

याचा परिणाम पाहायचा तर मनीमेकरचाच एक डाव घ्या. अंतिम लढतीत तो आणि सॅम फरहा असे दोघेच उरले होते. मनीमेकरच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती होती, तर फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. टेबलावर दोघांच्या सामाईक पानांत इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री आली. म्हणजे चौथ्या पानापर्यंत मनीमेकरला सिक्वेन्सचीही आशा होती आणि कलरचीही. शेवटच्या पानाने दोन्ही आशा संपल्या आणि हातात साधी जोडीसुद्धा उरली नाही. तरीही त्याने होते तेवढे सारे चिप्स पुढे लोटले. तुझा कलर हुकला असावा, अशी शंका फरहाने बोलून दाखवली, पण नव्व्यांची जोडी हाती असूनही त्याने शेवटी पाने टाकली. झाकली पाने दिसली नसती, तर प्रेक्षकाला एवढेच कळले असते की एकाने पैज वाढवली आणि दुसऱ्याने माघार घेतली. थाप होती हे दिसले, म्हणूनच ती गाजली. मनीमेकरच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. पण ते धैर्य लोकांच्या नजरेस आणून देणारा माणूस वेगळा होता.

मांडवीकाठ

अनुजाताईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु मुळात हा हिशेबनीस त्या टेबलापाशी पोहोचला कसा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क 10,000 डॉलर होते आणि नोकरदार माणूस एवढी रक्कम सहसा पत्त्यांवर लावत नाही. त्यावरचा तोडगा एरिक ड्रॅश यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस, बिनियन यांच्या हॉर्सशू कॅसिनोत ही स्पर्धा होत असतानाच, काढला होता. दहा जणांनी प्रत्येकी सुमारे हजार डॉलर काढून आपसांत खेळायचे आणि जिंकेल त्याने मुख्य स्पर्धेत बसायचे, अशी ती साधी युक्ती, म्हणजेच सॅटेलाइट. 1983 साली टॉम मॅकएव्हॉय या वाटेने येऊन विजेते झाले. योगायोग असा की तेही पूर्वी हिशेबनीसच होते, आणि त्यांनी ज्यांना हरवले ते रॉड पीटही सॅटेलाइटमधूनच आलेले होते. मनीमेकरच्या वीस वर्षे आधी हे सारे घडून गेले होते. ऑनलाइन संकेतस्थळांनी तीच युक्ती घराघरांत नेली, इतकेच. आमच्याकडे पणजीतही मोठ्या स्पर्धांना अनेक जण सॅटेलाइट जिंकूनच बसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ड्रॅश हे नाव ऐकलेले नसते.

बदाम_सत्ती

नियम घडवणाऱ्यांनाही विसरू नये. पूर्वी प्रत्येक कॅसिनोचे नियम वेगळे असल्यामुळे, एका ठिकाणी चालणारी कृती दुसऱ्या ठिकाणी चूक ठरत असे. 2001 साली लिंडा जॉन्सन, मॅट सॅव्हेज, जॅन फिशर आणि डेव्हिड लँब यांनी स्पर्धा-संचालकांची संघटना स्थापन करून एकसमान नियमांचे काम हाती घेतले. उदाहरणार्थ, समोरच्याने 500 लावले असताना तुम्ही काही न बोलता 5,000 ची एकच चिप टाकली, तर ती केवळ त्या 500 ची बरोबरी मानली जाते. पैज वाढवायची असेल तर चिप टाकण्याआधी तसे बोलावे लागते. कंटाळवाणे वाटेल, पण निम्मी भांडणे अशाच चिपवरून होतात.

गणिती_गप्पा

वरील सर्व मंडळी निदान पोकरच्या जगात मान्यता पावलेली आहेत. ओरेनस्टाइन 2008 साली, जॉन्सन 2011 साली आणि ड्रॅश 2012 साली ‘पोकर हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. खऱ्या अर्थाने अपरिचित राहिलेले नाव म्हणजे ओस्करी तामेलिन हे फिनलंडचे प्रोग्रॅमर. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी 2007 च्या सुमारास अशी पद्धत मांडली होती की संगणकाने स्वतःशीच डाव खेळावेत, प्रत्येक डावानंतर ‘वेगळी चाल केली असती तर किती फायदा झाला असता’ याचा पश्चात्ताप मोजावा आणि पुढे त्या हिशेबाने खेळावे. तामेलिन यांनी त्यात वरवर किरकोळ भासणारा बदल केला: एखाद्या चालीचा साठलेला पश्चात्ताप शून्याखाली गेला की तो शून्यावरच आणून ठेवायचा, म्हणजे पूर्वी वाईट ठरलेली चाल पुढे चांगली ठरू लागल्यास तिला जुनी उधारी फेडत बसावे लागत नाही. या बदलामुळे हिशेब इतका वेगाने स्थिरावू लागला की 4,800 प्रोसेसरांवर सुमारे 68 दिवस काम चालवून दोन खेळाडूंचा, मर्यादित पैजेचा होल्डेम (पोकरचा एक प्रकार) जवळपास पूर्णपणे सोडवता आला, आणि जानेवारी 2015 मध्ये मायकेल बोलिंग, नील बर्च व मायकेल जोहान्सन यांच्यासोबत तामेलिन यांचे नाव त्या शोधनिबंधावर आले. आजचे व्यावसायिक खेळाडू सरावासाठी जे सॉल्व्हर, म्हणजे योग्य चाल शोधून देणारे प्रोग्रॅम, वापरतात, त्यांतल्या अनेकांत याच कुळातील पद्धती आहेत.

किलवरचा_गुलाम (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. गणिती_गप्पा यांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणतो की हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू नसलेल्यांसाठीही जागा आहे. खेळाच्या वाढीत कायमस्वरूपी भर घातलेली असावी, एवढी त्यांच्यासाठी अट आहे. खेळण्याची रीतच बदलून टाकणारा प्रोग्रॅमर त्या अटीत बसतो की नाही, यावर वेगळा धागा काढावा, असे मला वाटते. सॉल्व्हरमुळे खेळ वाढला की रुक्ष झाला, यावर इथेच दोन तट पडतील.