शब्दचर्चा: 'मल्टीसोर्स फीडबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाघाट:
मिरजेकडच्या निवासी डॉक्टरांसाठी, बरोबर काम करणाऱ्यांनी त्यांच्या वागण्याबद्दल भरायचा एक फॉर्म मराठीत करायचं चाललंय. नमुना ब्रिटनमधल्या फाउंडेशन डॉक्टरांचा (पदवीनंतर पहिली दोन वर्षं प्रशिक्षण घेणाऱ्यांचा), 'टीम असेसमेंट ऑफ बिहेविअर', तिकडे नुसतं 'टॅब' म्हणतात. मुद्दे चारच: रुग्णाशी विश्वासाचं नातं, बोलणं, टीममध्ये काम करणं आणि गरज पडली की सापडणं. प्रत्येकापुढे तीन खाने: नो कन्सर्न, सम कन्सर्न, मेजर कन्सर्न. डॉक्टर स्वतःबद्दलही हाच फॉर्म भरतो आणि बाकीच्यांचे किमान दहा फॉर्म परत यावे लागतात. अडलंय दोन ठिकाणी. मसुद्यात या प्रकाराला, म्हणजे 'मल्टीसोर्स फीडबॅक'ला, 'बहुस्रोत प्रत्याभरण' म्हटलंय, ते कुणाच्या तोंडी बसत नाही. आणि 'नो कन्सर्न'चं 'काळजी नाही' केलंय. 'डॉक्टर रुग्णाशी कसे वागतात? काळजी नाही.' सगळ्यात चांगला खाना सगळ्यात वाईट वाचला जातो. काय करावं?

शब्दपारखी:
'प्रत्याभरण' का नको? प्रति + आ + भरण, म्हणजे उलट दिशेनं भरणं. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हा शब्द रुळलेला आहे, बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा. तोंडी बसत नाही म्हणून शब्द टाकायचे ठरवलं तर 'अधिपरिचारिका'ही टाकावा लागेल.

वखारभाग:
टाकलाच आहे. ऑर्डरवर अधिपरिचारिका, वॉर्डात सिस्टर. फॉर्म वॉर्डात भरायचाय.

अजिंक्यतारा:
'अभिप्राय' घ्या. 'सहकाऱ्यांचा अभिप्राय', तीन सेकंदांत कळतं. फक्त 'सहकारी मूल्यमापन' असं चुकूनही लिहू नका. सातारा-सांगलीत 'सहकारी' म्हटलं की कारखाना, बँक आणि सोसायटी, हा अर्थ आधी येतो. आणि 'सर्वंकष मूल्यमापन'ही नको. ते 2010पासून शाळेच्या प्रगतिपुस्तकाचं झालंय.

शब्दपारखी:
'अभिप्राय'चा संस्कृतातला अर्थ हेतू, मनातला उद्देश. मत हा अर्थ मागाहून आला. आज त्याची कळा काय आहे पाहा: फाईल 'अभिप्रायार्थ सादर' होते ती वरच्या टेबलाकडे, आणि प्रदर्शनाच्या अभिप्राय वहीत कुणी वाईट लिहीत नाही. एकात अधिकार, दुसऱ्यात कौतुक. कृष्णाघाट यांना या दोन्ही गोष्टी नको आहेत.

माहुली:
हा मुद्दा खरा आहे आणि तो शब्दापेक्षा मोठा आहे. सरकारी नोकरीत एकानं दुसऱ्याबद्दल लिहायची रूढ पद्धत म्हणजे गोपनीय अहवाल, तो वरून खाली लिहिला जातो. खालच्यानं वरच्याबद्दल लिहायचं तर तक्रार अर्ज नाहीतर निनावी पत्र, एवढंच ओळखीचं. सिस्टरनं निवासी डॉक्टरबद्दल साधेपणानं दोन ओळी लिहायच्या, यासाठी रुळलेला प्रकारच नाही, मग शब्द कुठून येणार? म्हणून 'शेरा', 'अहवाल', 'तक्रार' हे तिन्ही शब्द फॉर्मवर कुठेच येऊ देऊ नका. 'थोडी तक्रार' या खान्यावर टिक करताना आपण अर्ज दाखल करतोय असं वाटतं आणि हात आपोआप पहिल्या खान्याकडे जातो.

वखारभाग:
मग 'खटकणे' वापरा. काही खटकलं नाही, थोडं खटकलं, फार खटकलं. बोलीतलं आहे, दोष कुणावर टाकत नाही, आणि ज्याला खटकलं तो बोलतोय हे त्यातच आलं.

शब्दपारखी:
पण खटकण्यात आवडनिवड येते. हात धुतल्याशिवाय ड्रेसिंगला हात लावू न देणारा निवासीही एखाद्याला खटकतोच. उलट, रात्री तीन कॉल देऊनही डॉक्टर आला नाही, तर ते 'फार खटकलं' नव्हे. तिथे रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो, तिसऱ्या खान्याला 'गंभीर बाब'च हवं.

माहुली:
दोघांचं जोडून घ्या: 'ठीक आहे', 'काही गोष्टी खटकल्या', 'गंभीर बाब आहे'. आणि चौथा खाना हवाच: 'मी पाहिलेलं नाही'. तो नसला की फार्मसिस्ट रुग्णाशी बोलण्याच्या मुद्द्यावरही टिक करतात, कारण रिकामं सोडलं तर फॉर्म अपुरा ठरेल असं वाटतं. ती टिक 'ठीक आहे'वर पडते आणि निकाल फुगतो. दुसऱ्या-तिसऱ्या खान्यावर टिक असेल तर खाली 'काय पाहिलंत?' अशी दोन ओळींची जागा ठेवा. 'कारण द्या' लिहू नका, ते नोटिशीतलं वाटतं.

अजिंक्यतारा:
त्या दोन ओळींसाठीच मराठी उपयोगी आहे. इंग्रजीत सगळे 'रूड' किंवा 'अनप्रोफेशनल' लिहून मोकळे होतात. मराठीत रागावणं वेगळं, ओरडणं वेगळं, खेकसणं वेगळं, तोडून बोलणं वेगळं. चुकीचा डोस दिला म्हणून रागावणं एक वेळ चालेल. बेड कुठे आहे विचारणाऱ्या नातेवाइकावर खेकसणं नाही चालणार. सिस्टरनं 'खेकसतात' लिहिलं तर मार्गदर्शकानं, म्हणजे निवासीला शिकवणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरनं, सारांश करताना त्याचं 'संवादकौशल्यात सुधारणेस वाव' करू नये. निवासीला त्यातून काहीच कळत नाही.

शब्दपारखी:
पण 'खेकसतात' जसंच्या तसं दाखवलं तर कुणी लिहिलं हे वॉर्डात दुपारपर्यंत कळेल.

माहुली:
म्हणून 'निनावी' आणि 'गोपनीय' यांत गल्लत नको. कुणालाच नाव माहीत नाही ते निनावी. मार्गदर्शकाला माहीत, निवासीला नाही, ते गोपनीय. इथे गोपनीय हवं, कारण गंभीर बाब लिहिली असेल तर मार्गदर्शकाला जाऊन विचारता आलं पाहिजे. फॉर्मवर 'तुमचं नाव डॉक्टरांना कळणार नाही' असं सरळ वाक्य छापा. मग ते पाळण्यासाठी: हाताचं अक्षर दाखवायचं नाही, सगळं टाइप करायचं. तारीख, बेड नंबर, पेशंटचं नाव काढायचं. दहापेक्षा कमी फॉर्म आले तर निकाल द्यायचाच नाही, थांबायचं. आणि एका वॉर्डात फिजिओथेरपिस्ट एकच असेल तर 'फिजिओथेरपिस्टचं मत' असा वेगळा मथळा करू नका.

कृष्णाघाट:
मार्गदर्शकानं सरासरी काढावी का?

माहुली:
नाही. बारा 'ठीक' आणि एक 'गंभीर', याची सरासरी उत्तमच येते आणि नेमका तो एक फॉर्म गडप होतो. खान्यांची नुसती मोजणी द्या आणि 'गंभीर'वर आधी चौकशी करा. खरं निघालं तर त्या एका फॉर्मवरूनही कारवाई, खरं नसेल तर तसा खुलासा. आकड्यांबद्दल म्हणाल तर, 1993 साली अमेरिकेत डॉक्टरांनी डॉक्टरांबद्दल दिलेल्या गुणांचा अभ्यास झाला, त्यात भरवशाचा निकाल यायला साधारण 11 जण लागतात असं निघालं. त्यामुळे पंधरा जणांना द्या, दहा-बारा परत येतील. यादी निवासीनं करावी पण मार्गदर्शकानं मंजूर करावी. नाहीतर होस्टेलचे दहा मित्र येतात आणि सगळं 'ठीक'. माझ्या मते निदान चार सिस्टर हव्यातच, त्यातल्या दोन रात्रपाळी केलेल्या.

वखारभाग:
मावशी आणि मामांचं काय? डॉक्टर कॉलला किती वेळात आला हे बोलवायला गेलेल्या मामांइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना कागद देऊन उपयोग नाही, वाचून दाखवून विचारावं लागेल. मग 'उपलब्धता' हा शब्द गेलाच. 'बोलवल्यावर येतात का? येता येत नसेल तर निरोप देतात का?' असं विचारा. दुसरा प्रश्न विसरू नका. थिएटरमध्ये अडकलेला आणि फोन न उचलणारा, दोघेही आले नाहीत एवढंच नाहीतर दिसतं.

शब्दपारखी:
वाचून दाखवणारा मात्र त्या युनिटचा नको. आणि हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं राहतंच: वरचं नाव 'प्रत्याभरण' असू द्या. प्रश्न बोलीत, नाव प्रमाण मराठीत, यात विसंगती नाही.

अजिंक्यतारा:
नाव वाचून कागद बाजूला ठेवला तर खालचे प्रश्न कोण वाचणार? 'अभिप्राय'.

वखारभाग:
'फीडबॅक' लिहा देवनागरीत. हॉटेलपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे तोच शब्द आहे.

शब्दपारखी:
हॉटेलात समाधान विचारतात. इथे वर्तन विचारायचंय. तो शब्द आला की वरणभाताची चव सांगितल्यासारखं 'छान आहेत डॉक्टर' एवढंच लिहून येईल.

कृष्णाघाट:
चार खाने आणि गोपनीयतेचं वाक्य घेतलं. 'खटकल्या'वर एका सरांचा आक्षेप आलाय, त्यांना 'सुधारणा हवी' पाहिजे.

माहुली:
'सुधारणा हवी' नको. ते बघणाऱ्यानं काय पाहिलं ते सांगत नाही, निकाल देतं. सिस्टरकडून निरीक्षण घ्यायचंय, निकाल मार्गदर्शकानं लावायचा. आणि हा फॉर्म परीक्षेच्या गुणांत धरणार की नुसता शिकण्यासाठी, हे आधी ठरवून फॉर्मवर लिहा. गुण कापले जाणार म्हटलं की सिस्टर 'खटकल्या'वर टिक करणार नाहीत, शब्द कुठलाही असो.