जीसीएसई इंग्लिश, पेपर २: तुलना आणि मत पटवून देणारं लेखन, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेक इयर इलेव्हनला आहे, म्हणजे यंदा जीसीएसई (इथली दहावीसारखी शालान्त परीक्षा), बोर्ड एक्यूए. पेपर १ मधलं गोष्ट-वर्णन तिला जमतं, घोडं अडतं ते पेपर २ला. पावणेदोन तास, ८० गुण. दोन उताऱ्यांपैकी एक एकोणिसाव्या शतकातला, त्याची लांबलचक वाक्यं वाचतानाच तिची दमछाक होते.

चौथा प्रश्न १६ गुणांचा: दोन्ही लेखकांची मतं आणि ती त्यांनी कशी मांडली, याची तुलना. ही आधी पहिल्या उताऱ्यावर पानभर लिहिते, मग दुसऱ्यावर, आणि शेवटी ‘दोघांचे विचार वेगळे आहेत’ एवढं एकच वाक्य. शिक्षिकेचा शेरा ठरलेला: तुलना कुठे आहे?

पाचवा एकटाच ४० गुणांचा. एक विधान देतात, त्यावर पत्र, लेख किंवा भाषण लिहायचं. तिने क्लृप्त्यांची यादी पाठ केली आहे (प्रश्न विचारा, तीन विशेषणं एकापाठोपाठ टाका, आकडे फेका) आणि ती सगळी पहिल्याच परिच्छेदात कोंबते. प्रचारसभा वाटते अगदी! आम्ही शाळेत फायदे-तोटे-उपसंहार असे निबंध लिहिलेले, त्यामुळे काय सांगावं कळत नाही. पाचवा प्रश्न आधी सोडवला तर चालेल का?

प्रतिसाद:

ताई, चौथ्यात परिच्छेद उताऱ्याचा नको, मुद्द्याचा हवा. समजा दोघेही रेल्वेप्रवासावर लिहितात. ‘गर्दीचा त्रास दोघांनाही होतो, पण पहिला इतरांवर चिडतो, दुसरी स्वतःवरच हसते’ असं पहिलंच वाक्य लिहायला लावा. मग दोघांचे छोटे अवतरण, आणि राग किंवा विनोद कोणत्या शब्दांतून जाणवतो ते. असे तीन मुद्दे पुरेत. दुसऱ्या प्रश्नाशी (दोन्ही उताऱ्यांतल्या माहितीचा गोषवारा) गल्लत होऊ देऊ नका. तिथे ८ गुण आहेत आणि भाषेचं विश्लेषण लागत नाही.

पाचवा आधी सोडवता येतो. पण त्याचा विषय उताऱ्यांशी जोडलेला असतो, म्हणून ते वाचून घ्यावेत. एकच बाजू घ्यायची, विरोधकाचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःच मांडून खोडायचा. ती यादी सध्या लपवून ठेवा. पाचव्यासाठी ठेवलेल्या पाऊण तासातली शेवटची पाच मिनिटं तपासणीला, कारण ४० पैकी १६ गुण वाक्यरचना, शब्दसंपदा, विरामचिन्हं आणि स्पेलिंगचे आहेत. तिचा एखादा परिच्छेद इथे टाकलात तर नेमकं सांगता येईल.