मदत हवी आहे: फिगर स्केटिंगची रिंक ६ आठवडे बंद, उघडताच व्हिडिओ पाठवायचाय

आल्याचा_चहा (ब्रॅम्प्टन, कॅनडा)
लेक ११ वर्षांची, सिंगल अ‍ॅक्सल (दीड फेरीची उडी) नुकती बसलीय. दुरुस्तीसाठी रिंक बंद. उघडल्यावर चारच दिवसांत क्लबच्या स्पर्धेचा व्हिडिओ द्यायचाय. इनलाइन फ्रेम (ब्लेडऐवजी बुटाखाली लावायची, एका रांगेतली चाकं) घ्यावी का? जमिनीवर काय करून घ्यावं?

टाचणी
फ्रेम घ्याच, पण पिकवाली: तीन चाकं आणि पुढे रबरी पिक (ब्लेडच्या टोकाच्या दातांच्या जागी). मागच्या वर्षीच्या बुटांना लावा. चालू बुटांचं ब्लेड काढू नका. परत बसवताना केसभर सरकलं तरी कडा (ब्लेडच्या एका धारेवर झुकून सरकणं) बिघडतात. बाहेर खडबडीत जागी मऊ चाकं, कठीणपणा ७८ ते ८२ ए. आधी थांबायला शिकवा. बर्फावरचा आडवा ब्रेक चाकांवर मारला की चाक घसरत नाही, अडकतं, आणि मूल तोंडावर पडतं. हेल्मेट, मनगटाचे पॅड हवेतच.

चाकांवर क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं), थ्री-टर्न (एका पायावर दिशा पालटणं) आणि संगीतावर अख्खा प्रोग्रॅम. अ‍ॅक्सल नको: फ्रेम जड, त्यामुळे उडीचं टायमिंग बदलतं आणि तीच सवय बर्फावर येते. अ‍ॅक्सल साध्या खेळाच्या बुटांत, रबरी मॅटवर किंवा लाकडी जमिनीवर, दिवसाआड ८-१० वेळा. फरशीवर अजिबात नाही. बर्फावर उतरताना वेग मागे वाहून जातो, जमिनीवर सगळा दणका नडगीत जातो. नडगी दुखली की उड्या बंद.

आल्याचा_चहा
स्पिनर (जमिनीवर ठेवून, वर उभं राहून गिरकी घ्यायची पट्टी) घेतलाय, त्याचा उपयोग?

टाचणी
तोल आणि हात आवळण्यापुरता. स्पिनमध्ये शिरायची कड त्यावर येत नाही.

कोपऱ्यावरचा
व्हिडिओचं: जानेवारी २०२१ मध्ये स्केट कॅनडा चॅलेंजसुद्धा (राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा) अशीच झाली होती, मुलं आपापल्या रिंकवर. क्लबचे नियम आधी वाचा. बहुतेक ठिकाणी एकच सलग शॉट लागतो, कापाकापी चालत नाही. कॅमेरा लांब बाजूच्या मध्यावर, बोर्डच्या (रिंकभोवतीच्या कठड्याच्या) वर, ट्रायपॉडवर, फोन आडवा. स्केट चौकटीबाहेर गेले की उडी पाव फेरी कमी पडली का, हे परीक्षकाला दिसतच नाही. झूम सतत हलवू नका.

चार दिवसांतले पहिले दोन फक्त कडा, स्पिन आणि वॉल्ट्झ जंप (अर्ध्या फेरीची सोपी उडी). तिसऱ्या दिवशी अ‍ॅक्सल उभी राहिली नाही, तर प्रोग्रॅममध्ये दुसरी सोपी उडी घाला. आणि ब्लेडला आत्ताच धार लावू नका, उघडायच्या आठवड्यात लावा. तोवर कोरडी पुसून कापडी कव्हरमध्ये. प्लास्टिक गार्डमध्ये ओल राहते, गंज धरतो.

आल्याचा_चहा
गार्डमध्येच होती! काढली, तांबूस ठिपके आहेत.

कोपऱ्यावरचा
वरवरचे असतील तर धार लावताना जातील. कडेवर खड्डा पडला असेल तर धार लावणाऱ्याला आधीच दाखवा.